पाहुणे शब्द

माझ्या वर्गात शनिवारचा एक नियम होता. प्रत्येकानं बाहेरून एक इंग्रजी शब्द आणायचा. पुस्तकातला चालणार नाही, गाइडातला नाही, माझ्या 'हजारी'तलाही नाही. पाटीवर, पिशवीवर, बाटलीवर, कुठंतरी समोर आलेला आणि अर्थ न कळलेला शब्द हवा. त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. आता तो नियम नाही.

'हजारी' म्हणजे मी जमवलेले हजार अवघड शब्द. पौडला झेरॉक्स काढून, पिना मारून केलेली वही. नाव पोरांनी ठेवलं. कोळवण खोऱ्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते, पिरंगुटहून स्कूटरवर ये-जा करते आणि शाळा भरायच्या आधीचा एक तास नववी-दहावीतल्या ज्यांना हवं त्यांना जास्तीचं इंग्रजी देते. जास्तीचं म्हणजे अवघड. सोपं इंग्रजी आता सगळ्यांनाच येतं, निदान येतं असं वाटतं. आमची जुनी पोरं हिंजवडीला मुलाखतीला जायची, नाव-गाव-शिक्षण फाडफाड सांगायची आणि समोरच्यानं एक जरा जड शब्द वापरला की गप्प बसून परत यायची. त्याचा मला राग यायचा. त्यांचा नाही, माझाच.

तर पाहुण्याचं स्वागत ठरलेलं असे. ज्याचा नंबर, त्यानं फळ्यावर शब्द लिहायचा. मग सगळ्या वर्गानं एका सुरात विचारायचं, "कुठं भेटला?" घरी आलेल्याला पाणी दिल्यावर आपण गाव विचारतो तसं. आणणाऱ्यानं जागा सांगायची. मग तिघा-चौघांनी नाही, सगळ्यांनी तीनदा मोठ्यानं उच्चार करायचा, मी अर्थ सांगायचा, वर्गानं त्यावर पाच वाक्यं करायची आणि शेवटी टाळ्या.

कसले कसले पाहुणे यायचे! एकानं फार्महाऊसच्या फाटकावरून 'ट्रेसपासर्स' आणला. चार वर्षं तो रोज त्या फाटकाला पाठ टेकून जीपची वाट बघत होता. परवानगीशिवाय आत घुसणारे, हा अर्थ कळल्यावर म्हणाला, "म्हंजे मॅडम, हे मलाच लिवलंय की!" वर्ग हसून लोळला. पिरंगुटच्या कारखान्याकडं जाणाऱ्या टँकरवरून 'कोरोझिव्ह' आला. तणनाशकाच्या डब्यावरून, शाम्पूच्या पुडीवरून, कुणाच्या आजोबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरून शब्द यायचे. मी त्या नियमावर भलतीच खूश होते. खरं सांगायचं तर स्वतःवरच खूश होते. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांना मी तो नियम न विचारता सांगायची.

यामागं माझ्या वडिलांचं एक पत्र आहे. मी याच तालुक्यातली. आमची वस्ती गावाच्या कडेला, बाबा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. मी लहान असताना त्यांना एका सरकारी खात्याचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. बाबा चौथी शिकलेले, आणि गावात इंग्रजी वाचणारा माणूस एकच, ज्याच्या शेतावर बाबा राबत तोच. बाबा अंगणात उभे राहिले, तो ओट्यावर बसला. मी बाबांचं बोट धरून होते. त्यानं चष्मा लावून पत्र खालपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "काय न्हाई रं, नाव नोंदलंय निस्तं. बोलावतील तवा बघू." नोकरीसाठी बोलावण्याची तारीख त्याच पत्रात होती. ती उलटून दोन महिने झाल्यावर शाळेतल्या एका गुरुजींनी बाबांना ते सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवशी परत त्याच शेतावर कामाला गेले, कारण जाणार कुठं? पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते मला विचारायचे, "आज किती शब्द झाले?"

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गाला सांगायची. सांगून झाली की म्हणायची, "तुमच्या घरातल्या माणसाला दुसऱ्या कुणाकडून कागद वाचून घ्यायची वेळ येता कामा नये. घरात वाचणारं एक जरी असलं, तरी कुणी फसवत नाही." पोरं गंभीर व्हायची. त्यातली एक मुलगी तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची.

ही गोष्ट त्याच मुलीची. गेल्या वर्षी ती दहावीत होती. उंच, किरकोळ, नखं कायम चावलेली. वडील खोऱ्यातल्याच एका फार्महाऊसवर माळी आणि रखवालदार. जमीन पूर्वी यांचीच, आता शहरातल्या कुणाची. राहिलेल्या तुकड्यात तिची आई भात लावायची आणि उरलेले दिवस गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये मजुरीला जायची. घरात इंग्रजी वाचणारी ही एकटी. नववीतच तिनं 'हजारी' संपवली होती. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती आईला शब्द वाचून दाखवायची आणि आई भाकरी थापता थापता हुं हुं करायची. शाळेच्या कपाटातला जाडजूड शब्दकोश वापरणारी सबंध शाळेत तीच. तो कसा बघायचा हे मी तिला शिकवलं होतं. हे पुढं लक्षात ठेवायला हवं होतं, पण माझ्याच लक्षात राहिलं नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी तिचा नंबर नसताना ती उठली. म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं पाहुणा आहे." फळ्यावर तिनं लिहिलं, इन्व्हेजिव्ह.

"कुठं भेटला?" वर्ग ओरडला.

ती जरा थांबली. "भज्याच्या कागदावर."

पोरं खिदळली. मी मात्र हरखले. "बघा! तुम्ही भजी खाता आणि कागद गटारात टाकता. हिनं वाचला." मग मी अर्थ सांगितला, आत घुसून पसरत जाणारं. वाक्यं धडाधड आली. गाजरगवत इन्व्हेजिव्ह आहे. एकानं फार्महाऊसं इन्व्हेजिव्ह आहेत असं वाक्य केलं, त्याला मी वेगळ्या टाळ्या दिल्या. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, इन्व्हेजिव्ह असलं तर काढून टाकता येतं का?"

"गाजरगवत? फुलायच्या आत मुळासकट उपटलं तर येतं. एकदा बी सगळीकडं पडलं की मग अवघड." शेतकऱ्याच्या पोरांना शेतातलं उदाहरण दिलं म्हणून मला बरं वाटलं. तिनं ते उत्तर वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या शनिवारी तिनं आणला प्रोग्नोसिस. कुठं भेटला? त्याच कागदावर. मी म्हणाले, "त्या भजीवाल्याला सांग, आम्हाला रोज कागद पाठव." पुन्हा हशा. पुढं काय होणार याचा अंदाज, मी अर्थ सांगितला, आणि वर हेही सांगितलं की हा शब्द जास्त करून डॉक्टर वापरतात. हे माझ्या तोंडानं मी सांगितलं. भजी बांधून द्यायच्या कागदावर डॉक्टरांचा शब्द कसा, हे मी विचारलं नाही. वर्गानं गणिताच्या निकालाचा प्रोग्नोसिस फार वाईट असल्याचं वाक्य केलं, गणिताचे सर व्हरांड्यातूनच चालले होते, आणि त्या गमतीत तास संपला.

तिसऱ्या शनिवारी पॅलिएटिव्ह आला. हा शब्द मला नीट ठाऊक नव्हता. वर्गाकडं पाठ करून मी गुपचूप मोबाइलमध्ये बघितला आणि जणू जन्मापासून माहीत असल्यासारखा सांगितला. मूळ दुखणं बरं होणार नसतं तेव्हा नुसता त्रास कमी करणारं. पोरं विचारात पडली. मग मागच्या बाकावरच्या एकानं वाक्य केलं की पौड रोडचे खड्डे बुजवणं हा पॅलिएटिव्ह उपाय आहे. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. सगळा वर्ग हसत होता. ती फळ्याजवळ खडू धरून उभी होती आणि हसत नव्हती. मला वाटलं, एवढं झकास वाक्य दुसऱ्याला सुचलं म्हणून रुसली. हुशार मुलींना असतो तसा थोडा तोरा.

नंतर ती यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. तिच्या गल्लीतल्या मुलीनं सांगितलं, "तिची आई लई आजारी हाय." गणपती बसायच्या आधीच्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

तिची आई ओट्यावर गोधडी घेऊन बसली होती. जूनमध्ये दाखल्यावर सही करायला आली होती तेव्हा भरल्या अंगाची होती. आता बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि मुलीला हाक मारली, "अगं, मॅडम आल्यात, च्या टाक." वडील कामावर गेले होते. मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं उशाखालून साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढली. आत दवाखान्याची फाइल होती. म्हणाली, "बाई, ह्ये तुमी वाचा. पुण्याच्या दवाखान्यातलं हाय. डाक्टर माझ्याशी बोललाच न्हाई, ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. हे म्हणत्यात रगत कमी हाय. पोरगीबी वाचून तेच सांगती. पन वाचताना ती माझ्याकडं बघत न्हाई. आधी तुमची ती हजारी वाचायची तवा माझ्याकडं बघून वाचायची."

मी काही बोलणार तोच ती पुढं म्हणाली, "मला भ्या न्हाई वाटत, बाई. निस्तं कळू द्या. माझी आई धरनाच्या पलीकडं ऱ्हाती. तिचे गुडघे गेल्यात, तिला येता येत न्हाई. दोन वर्सं झाली, मी तिला बघितलं न्हाई. बरी व्हनार आसंन तर बरी होऊनच जाईन, असलं तोंड तिला कशाला दावू? आनि व्हनार नसंन तर आत्ताच जाते. अजून जीपमंदी बसायची ताकद हाय मला."

इतकं स्पष्ट बोलणं मी फार कमी ऐकलं आहे. तिला बरं करा असं ती म्हणत नव्हती. तिला फक्त दोनातलं एक उत्तर हवं होतं, हो किंवा नाही, आणि ते उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं.

मी फाइल उघडली. पहिल्याच पानावर इन्व्हेजिव्ह. त्याच्या मागं कार्सिनोमा. मग यकृत, मणका, कुठं कुठं पसरलंय त्याची यादी. तिसऱ्या पानावर प्रोग्नोसिस, आणि त्यापुढं वाईट. शेवटच्या कागदावर पॅलिएटिव्ह. माझ्या वर्गात ज्यांना टाळ्या मिळाल्या होत्या ते तिघेही त्या कागदांवर होते. मी मान वर केली तर मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. डोळ्यांत एवढी विनवणी होती की मला दुसरं काही दिसेना. मला वाटलं, ती म्हणतेय, मॅडम, सांगू नका.

मी फाइल मिटली आणि म्हणाले, "रक्तच कमी आहे. औषधं नीट घ्या. बऱ्या व्हाल, मग जा माहेरी."

का म्हणाले? मी याचं उत्तर स्वतःला बऱ्याच प्रकारे देऊन बघितलं आहे. घरातल्यांनी ठरवलेलं मोडणारी मी कोण. एवढं मोठं वाक्य मराठीत कसं म्हणायचं ते मला येईना. मुलीची नजर. सगळी उत्तरं थोडीथोडी खरी आहेत. पण खरं कारण एवढंच की मी घाबरले. अवघड शब्दांची मला भीती वाटत नाही असं मी वीस वर्षं सांगत आले, आणि अवघड शब्द खरंच समोर आला तेव्हा मी शेपूट घातलं.

तिचा चेहरा मात्र फुलला. "बघ, मॅडमबी तेच म्हणत्यात," ती मुलीला म्हणाली. "उगा मी संशय घेतला तुझा." मग ती हौसेनं माझ्याशी बोलत राहिली. भाताची कापणी झाली की नव्या तांदळाची पायली घेऊन आईकडं जायचं, चार दिवस राहायचं, तिचे गुडघे तेलानं चोळून द्यायचे. निघताना तिनं मुलीला परसातल्या वेलावरच्या दोन काकड्या काढून आणायला लावल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या. मुलीनं त्या आणून दिल्या आणि माझ्याकडं न बघता आत गेली. काकड्या मी घरी नेल्या आणि जेवताना खाल्ल्या.

परत येताना फाट्यावर तिचे वडील भेटले. सायकलवरून उतरले. मी काय सांगितलं ते ऐकल्यावर त्यांनी हात जोडले. "बरं केलंत, बाई. कळलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती. आता निदान दोन घास खाती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सुटल्यासारखं झालं. बरोबर वागले असा दाखला मिळाला की आणखी काय पाहिजे? ओट्यावर बसून खोटं वाचणाऱ्या त्या माणसालाही बहुतेक असाच कुणीतरी दाखला दिला असेल, हे त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. ते कितीतरी नंतर आलं, आणि तेव्हापासून जात नाही.

मुलगी मध्ये मध्ये शाळेत यायला लागली. शनिवारी तिचा नंबर आला तेव्हा उठून म्हणाली, "मॅडम, आज पाहुणा नाही," आणि बसली. मी तिला काही बोलले नाही. मी तिला समजून घेतेय असं मला वाटत होतं. तिच्याशी एकटीनं बोलावं असं दोनदा ठरवलं. एकदा परीक्षेचे पेपर तपासायचे होते, एकदा तीच घाईत होती. सहामाहीत इंग्रजीत ती पहिली आली.

दिवाळीनंतर खोऱ्यात कापणी सुरू झाली. तिच्या आईला तोवर उठवत नव्हतं. भारा घरात आला त्या दिवशी ती म्हणाली, आता मला आईकडं न्या. बरी झाले नाही, पण न्या. वडिलांनी जीप बोलावली. तिला गोधडीसकट उचलून मागच्या सीटवर निजवलं, पण गल्ली संपून रस्ता लागायच्या आत तिला इतक्या कळा सुटल्या की जीप वळवून परत आणावी लागली. तिच्या आईच्या गावाला जीपमधून उतरल्यावर अर्धा तास चढ चालायचा असतो. तिला ते माहीत होतं. परत ओट्यावर आणून टेकवलं तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून झोपली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

मी अंत्ययात्रेला गेले नाही. सुट्टी नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं. दहाव्याला गेले.

नदीवरचे विधी सकाळीच उरकले होते. पुरुष बाहेर मांडवात बसले होते, बायका आत. मधल्या खोलीत भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, पाय लांब केलेले, दोन्ही गुडघ्यांना फडकी बांधलेली. भाच्यानं तिला आधी पाठीवर आणि मग मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. ही मुलीची आजी, गेलेल्या बाईची आई. मी तिच्यासमोर बसले, नमस्कार केला. कुणीतरी सांगितलं, ह्या पोरीच्या मॅडम.

म्हातारी रडत नव्हती. ती येईल त्याला एकच विचारत होती. "माझ्या लेकीला काय झालतं? कुनीच धड सांगंना. रगत कमी व्हतं म्हनत्यात. रगत कमी होऊन मानूस मरतंय व्हय?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "देवाची मर्जी, मावशे." तेवढ्यात मुलगी उठली. फळीवरची साडीच्या दुकानाची पिशवी काढली, आजीच्या पायाशी येऊन बसली आणि फाइल उघडली. "आजी, मी वाचते."

तिनं पहिल्या ओळीपासून वाचलं. वर्गात वाचायची तसंच. आधी इंग्रजी ओळ सावकाश, मग प्रत्येक अवघड शब्दाशी थांबून त्याचा अर्थ, मग सगळी ओळ मराठीत. एकही शब्द तिनं गाळला नाही. कार्सिनोमापाशी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे कॅन्सर. हा मी शब्दकोशात बघितला." इन्व्हेजिव्हपाशी म्हणाली, "म्हणजे आत घुसून पसरणारा. बी सगळीकडं पडलं की काढता येत नाही." प्रोग्नोसिस. पुढं काय होणार त्याचा अंदाज, तो वाईट. पॅलिएटिव्ह. मूळ दुखणं बरं होणार नसतं तेव्हा नुसता त्रास कमी करायचा. माझीच वाक्यं होती, माझ्याच शब्दांत, कुठंही न अडखळता. प्रत्येक ओळ झाली की ती आजीकडं बघत होती. वडील दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिला थांबवलं नाही.

म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे बरी व्हनारच नव्हती."

"नाही."

"आनि ह्ये कवाचं लिवलंय?"

मुलीनं तारीख बघितली. "श्रावणातलं."

"सरावनात तर ती चालतीफिरती व्हती," म्हातारी म्हणाली. "माझ्याकडं आली असती की गं. बरी झाले की येते म्हून निरोप धाडला मला. मी वाट बघत बसले. तवाच का न्हाई वाचलं ह्ये?"

मुलगी फाइलच्या कडा नीट करत होती. आवाज न चढवता म्हणाली, "मी रोज वाचायला घ्यायची. आईच्या तोंडाकडं बघून मला बोलता यायचं नाही. म्हणून मी शब्द वर्गात नेले. तीन शनिवार नेले. मला वाटलं, मॅडम विचारतील, खरं कुठं भेटला म्हणून. मग मॅडम घरी आल्या. मला वाटलं, आता मॅडम वाचतील. मी दारातनं बघत होते."

तिचा शब्दकोश. तो मला तेव्हा आठवला. कार्सिनोमा जिनं एकटीनं शोधून काढला तिला बाकीचे तीन शब्द शोधायला माझी गरज नव्हती. अर्थ विचारायला ती आलीच नव्हती. ती मला सांगत होती, सबंध वर्गासमोर, फळ्यावर लिहून, आणि मी टाळ्या वाजवल्या. दारातून ती विनवत होती ती सांगा म्हणून. मी उलटं वाचलं.

म्हातारीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, तिला खरोखरच विचारायचं होतं. "बाई, तुमी तर मास्तरीन. तुमालाबी वाचता आलं न्हाई व्हय?"

मुलगी माझ्याकडं बघत होती.

"नाही आलं, आजी," मी म्हणाले.

म्हातारीनं हात लांब करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लई अवघड लिवलं आसंल." मुलीनं फाइल मिटली, पिशवीत घातली आणि परत फळीवर ठेवून दिली.